पाहुणा किती दिवस?

विरार स्थानकाबाहेरून अर्नाळ्याची बस सुटते. आगाशी मागे पडली की वाऱ्याला खारट वास येऊ लागतो, आणि रस्ता संपतो तिथे समुद्र दिसतो. मध्ये चिंचोळे पाणी, आणि पलीकडे बेटावर १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेऊन नव्याने उभारलेला किल्ला. अलीकडे या रस्त्याने बसच्या मागोमाग सामानाने भरलेले टेम्पोही येताना दिसतात. कपाट, शेगडी, गुंडाळलेल्या गाद्या, मुलांची सायकल आणि सर्वांत वर, चादरीत जपून बांधलेली येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. तसबीर दिसली की आम्ही ओटीवरची माणसे समजतो, आपल्या धर्माचे कुटुंब राहायला आले. मग कुणीतरी पुढे होऊन विचारतो, “कुठले?”

आमच्याकडे या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात मिळते. गावाचे किंवा आळीचे नाव सांगितले की आजोबांपर्यंतची ओळख पटते. नव्या माणसाचे उत्तर मात्र लांबते. आजोबा मंगळूरकडचे, वडील गिरगावात वाढले, स्वतःचे आयुष्य मालाडच्या भाड्याच्या खोलीत गेले, आणि आता इथे. उत्तर संपेपर्यंत ऐकणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते. त्या दिवसापासून ते कुटुंब ‘नवीन माणसे’ या नावाने ओळखले जाते. दहा वर्षे झाली तरी नवीनच. आपल्या भाषेत पाहुणा दोन दिवसांचा मानतात. मग आपल्याच धर्मग्रामात एखादे कुटुंब दहा वर्षे पाहुणे कसे राहते? आणि त्याने आपले व्हावे ही जबाबदारी कुणाची, येणाऱ्याची की असणाऱ्याची?

या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे.

आधी असणाऱ्यांची बाजू. विरारहून मुंबईला १८६७ साली लोकल गाडी सुरू झाली. पण त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ वसई पट्टा केळी, पानवेली, भाजीपाला आणि मासळी यांचाच राहिला. मुंबईत घर घेणे आवाक्याबाहेर गेले, तसा माणसांचा ओघ उत्तरेकडे वळला. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत त्या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली. एका पिढीच्या डोळ्यांदेखत वाड्या गेल्या, विहिरींचे पाणी बदलले, पायवाटांचे रस्ते झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी (त्यांचे निधन २०२४ साली झाले) हरित वसईसाठी लोकांना रस्त्यावर आणले, तेव्हा आम्हांपैकी अनेकजण त्या मोर्चांत होते. त्या लढ्याचा आम्हांला आजही अभिमान आहे. मात्र तो लढा जमीन आणि पाणी गिळणाऱ्या बांधकामांविरुद्ध होता, त्या बांधकामांत आयुष्यभराची पुंजी घालून राहायला आलेल्या शिक्षकाविरुद्ध किंवा परिचारिकेविरुद्ध नव्हता. ही रेषा भाषणात स्पष्ट असते. ओटीवर बसलेल्या मनात ती पुसट होते. बिल्डरवरचा राग शेजाऱ्यावर काढणे सोपे असते, कारण शेजारी समोर असतो.

आता येणाऱ्यांची बाजू. कुणी हौसेने मुळे उपटत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत दोन पिढ्या मावेनाशा झाल्या, मुलीला अभ्यासाला कोपरा उरला नाही, म्हणून माणूस इथे येतो. त्याची किंमत म्हणून पहाटे बस, मग विरारची गाडी, आणि रात्री त्याच वाटेने परत. असा माणूस रविवारी मिस्साला येतो, मागच्या बाकावर बसतो आणि अखेरचे गीत संपायच्या आत निघून जातो. आम्ही म्हणतो, “ही माणसे मिसळत नाहीत.” तो म्हणतो, “इथे सगळ्यांचे सगळे ठरलेले आहे. आपण मध्ये कुठे जायचे?”

आमचा स्वतःचा अनुभव इथे सांगणे भाग आहे, कारण त्यात दोष आमचा होता.

आमच्या घरासमोरच्या इमारतीत असेच एक कुटुंब आले. नाताळला आम्ही त्यांच्याकडे फराळाचे ताट पाठवीत असू, त्यांच्याकडून परत भरलेले ताट येई. दारात उभे राहून चौकशी होई. चार वर्षे हे चालले, आणि आपण शेजारधर्म उत्तम पाळतो असे आमचे मत झाले. पाचव्या वर्षी भर पावसाळ्यात त्या घरातली आजी वारली.

आमच्याकडे मयत झाले की कुणी कुणाला बोलावीत नाही. घंटा ऐकू आली की माणसे निघतात. कुणी कबरीचे पाहतो, कुणी नातेवाइकांना निरोप धाडतो, कुणी चहाचे आधण ठेवतो. त्या घरात चूल पेटणार नाही हे शेजारच्या बायकांना सांगावे लागत नाही. त्या दिवशीही आम्ही गेलो. पण आम्ही गेलो भेटायला. खुर्च्यांवर बसलो, रोझरी म्हटली, घड्याळाकडे पाहिले. पेटी उचलण्यासाठी त्या गृहस्थांनी आपल्या कचेरीतल्या सहकाऱ्यांना बोलावले होते. रुळांवर पाणी साचून गाड्या अडल्या होत्या. दीड तास ती म्हातारी दारात खांद्यांची वाट पाहत राहिली. आणि आमची धडधाकट मुले अंगणात छत्र्या धरून उभी होती. त्यांनी मागितले नाही, म्हणून आम्ही पुढे झालो नाही. आम्ही पुढे झालो नाही, म्हणून त्यांनी मागितले नाही. शेवटी मिस्साची वेळ टळू लागली, तेव्हा आमच्या सासूबाई मुलांवर ओरडल्या, आणि मुलांनी पेटीला खांदा दिला.

महिन्याभराने आम्ही संकोचत त्या गृहस्थांना म्हटले, “तुम्ही नुसता आवाज दिला असता तरी चालले असते.” ते शांतपणे म्हणाले, “आवाज कसा देणार? चार वर्षांत तुम्ही आमच्याकडे कधी काही मागितले नव्हते.”

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. आम्ही त्यांना देत होतो, त्यांच्याकडून ताट परत घेत होतो. पण आमची कोणतीही गरज त्यांच्यापाशी नेली नव्हती. सख्ख्या शेजाऱ्याकडे आपण वाटीभर साखर मागतो, लग्नाच्या आदल्या रात्री त्याच्या मुलाला मांडवाच्या कामाला जुंपतो, आजारपणात त्याला रात्री उठवतो. पाहुण्याला मात्र आपण उत्तम खुर्ची देतो आणि काम सांगत नाही. म्हणजे ज्याला आपण सौजन्य म्हणत होतो, तेच त्यांना बाहेर ठेवत होते.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आम्ही कितीदा ऐकला असेल. पण त्यानंतर तो वेगळा दिसू लागला. येरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती समूहात गाऱ्हाणे उठले की, ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होते. ख्रिस्तसभा नुकती जन्मलेली, आत्म्याचे सामर्थ्य अंगात भिनलेले, आणि तरीही भांडण कशावरून, तर जुने आणि नवे, आपली भाषा आणि त्यांची भाषा! प्रेषितांनी काय केले हे पाहण्याजोगे आहे. त्यांनी सात माणसे निवडून घेण्यास सांगितले आणि वाटपाचे काम त्यांच्या हाती सोपवले. त्या सातांची नावे दिली आहेत आणि ती सातही ग्रीक आहेत. त्यांतला एक तर अंत्युखियाचा, यहुदी धर्म स्वीकारून आलेला. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातूनच बहुधा ही माणसे निवडली गेली. विधवांना वाढीव वाटा देऊनही गाऱ्हाणे मिटले असते. पण मग ते घेणारेच राहिले असते. भांडाराची किल्ली हाती दिली, तेव्हा ते घरचे झाले.

यातून येणाऱ्यावरही एक कर्तव्य येते. त्यासाठी आपल्याला दूर जायला नको. आपल्या वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हा स्वतः परक्या देशात गेलेला माणूस. सोळाव्या शतकात तो इथून जपानला गेला, तिथली भाषा शिकला, आणि पुढे फ्रान्सिस्कन बंधू म्हणून जपानच्या सत्ताधीशासमोर आपल्या मिशनऱ्यांचा दुभाषी झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्याने क्रुसावर प्राण दिला. १८६२ साली त्याला संतपद मिळाले. उलट दिशेने इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी इथली भाषा अशी आत्मसात केली की, १६१६ साली छापलेले त्यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे. दोघांनीही यजमानांची भाषा शिकली, ती केवळ सोयीसाठी नव्हे. त्या लोकांच्या उपयोगी पडता यावे म्हणून. नव्या गावात आपल्याला काय मिळते याचा हिशेब घालण्याआधी आपला इथे काय उपयोग, हा प्रश्न येणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा. मागच्या बाकावर बसून कुणी बोलावण्याची वाट पाहणे हाही एक प्रकारचा अभिमानच असतो.

भाषेचा प्रश्न निघालाच आहे, तर तो टाळू नये. मिस्सा मराठीत की इंग्रजीत, यावरून आपल्या परिसरात मने दुखावली जातात. लोकभाषेला उपासनेत स्थान मिळाले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली दार उघडल्यानंतर, आणि मराठी मिस्सा हे आपले मोलाचे धन आहे. पण आपण एक गोष्ट विसरतो. वेदीपुढची मराठी ही आपल्यापैकी अनेकांच्या घरातली बोली नव्हे. सामवेदी घरात एक बोली, वाडवळ घरात दुसरी, आम्हां कोळ्यांच्या तोंडी तिसरी. घरची बोली घरी ठेवून आपण सारे देवळात मराठीत एकत्र येतो. म्हणजे मराठी ही आपल्यालाही चार पावले चालून गाठलेली भाषा आहे. जी वाट आपले आजोबा चालले, ती कोकणी किंवा तमिळ बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या मुलांनाही चालता येईल; मात्र कुणीतरी हात धरून शिकवले पाहिजे. त्यांच्या म्हातारीला शेवटच्या आजारात तिच्या भाषेतली प्रार्थना ऐकता यावी, हेही आपण पाहिले पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

आणि आज आपल्यातले किती घरचे लोक बाहेर आहेत! कुणाचा मुलगा आखातात, कुणाची मुलगी कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात. दूरध्वनीवर आपण पहिल्यांदा विचारतो, “तिथे देऊळ जवळ आहे ना? कुणी ओळखीचे झाले का?” तिथल्या कुण्या अनोळखी बाईने आपल्या मुलीला गायनमंडळात बोलावले हे ऐकले की, त्या रात्री आपल्याला शांत झोप लागते. समोरच्या इमारतीतल्या मुलीची आजीही कुठेतरी तोच प्रश्न विचारत असेल, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

पुढच्या मे महिन्यात आमच्या आळीतल्या क्रुसाजवळच्या प्रार्थनांचा हिशेब ठेवण्याचे काम आम्ही त्या गृहस्थांना सांगितले. ते हिशेबनीस आहेत हे आम्हांला चार वर्षे ठाऊक होते. त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि मग होकार दिला. आठवड्याने ते जुनी वही घेऊन आले आणि त्यांनी तीन वर्षांचे असे आठ-दहा प्रश्न विचारले की, आमच्यातल्या जाणत्यांची पंचाईत झाली. पैसे कुणी खाल्ले नव्हते. पण नीट लिहिलेही नव्हते. “कालचा आलेला माणूस आम्हांला विचारतो!” असे कुजबुजणारेही निघाले. तेव्हा आम्हांला उमगले की, काम सोपवणे म्हणजे प्रश्न विचारण्याचा हक्कही सोपवणे. नव्या माणसाला आत घेतल्यावर घर पूर्वीसारखे राहत नाही. ते राहावे असा हट्ट असेल, तर आपण त्याला आत घेतलेलेच नसते. ही किंमत मोठी आहे, आणि ती असणाऱ्यांनीच मोजायची आहे.

आता वही नीट लिहिली जाते. ते गृहस्थ अजून स्वतःला अर्नाळ्याचे म्हणवत नाहीत, “कुठले?” विचारले तर त्यांचे उत्तर अजून तसेच लांब असते. आम्हीही घाई करीत नाही. मात्र गेल्या पावसात रात्री अकरा वाजता आमचे दार वाजले. त्यांच्या मुलाला ताप होता आणि दवाखान्यात न्यायला रिक्षा मिळत नव्हती. दार उघडताना मनात चिंता होती आणि, खरे सांगायचे तर, कृतज्ञताही होती. त्यांनी आमच्याकडे मागितले होते.

येत्या सणाला आपापल्या आळीत ताटे अवश्य पाठवावीत. परंतु त्यासोबत एखादे कामही सांगून पाहावे.