अंगणातलं ऊन

नवी मुंबईत बेलापूरला पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज आहे. सकाळी तिथून चालताना माझे पाय अजूनही एखाद्या अंगणाशी थबकतात. भोवतालची बरीचशी घरं आता मूळची राहिलेली नाहीत. उतरत्या कौलांच्या जागी दोन-तीन मजले चढले आहेत, गॅलऱ्यांना ग्रिल लागलं आहे. मधली जागा मात्र मोकळी आहे. कुणीतरी नुकताच सडा घातलेला असतो, भिंतीला एखादी सायकल टेकलेली असते.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी ही वसाहत आखली. साधारण साडेपाचशे कुटुंबांसाठी. सात घरं आणि त्यांच्यामध्ये आठ मीटर लांब-रुंद अंगण. असे तीन गट जोडले की बारा मीटरचं थोरलं अंगण. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे ऐपतीत कितीही अंतर असलं तरी जमिनीत फारसं नाही. शिवाय कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. पैसे साठतील तशी शेजाऱ्याला धक्का न लावता प्रत्येकाने आपली एखादी खोली वाढवावी, हा त्यामागचा विचार.

मग तेजी आली. १९९२ मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीला पोचली, लवकरच बेलापूरलाही आली आणि जागांचे भाव चढत गेले. घरापेक्षा त्याच्याखालची जमीन महाग झाली की घर पाडायच्या यादीत जातं. इथे तेच झालं. कमी मिळकतीच्या माणसाला हळूहळू वाढता यावं म्हणून ठेवलेली मोकळीक एकरकमी पैसे घेऊन आलेल्याच्याही हाती पडली, आणि त्याने खोली नव्हे, मजले वाढवले. घरं वाढली याचं मला दुःख नाही. ती वाढावीत म्हणूनच तशी आखली होती. ज्याच्यासाठी आखली तो किती ठिकाणी टिकला, हे मात्र खुपतं.

तेजीला दुसरी बाजूही असते. नवी मुंबईचा विमानतळ येणार, या एका आशेवर उलवे-पनवेलकडे वर्षानुवर्षं फ्लॅट विकले गेले. विमानतळाचं उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधल्या काळात हप्ते भरत बसलेल्यांना तेजी ओसरणं म्हणजे काय ते कळलं असेल. टॉवरशेजारी तसाच दुसरा टॉवर उभा राहतो, आणि जुन्या फ्लॅटला नव्याकोऱ्या फ्लॅटशी स्पर्धा करावी लागते. पायाखाली स्वतंत्र भूखंड असलेल्या बैठ्या घराचं तसं नसतं. तशी जमीन नव्याने निघत नाही. म्हणून आर्टिस्ट व्हिलेजमधलं घर विकायला निघालं, तर भाव त्या जमिनीचाच होतो. करारनाम्यात चटई क्षेत्र लिहिलं जातं. सात घरांच्या मधलं अंगण त्या मापात येत नाही.

परवा एका अंगणात एक आजी मटार सोलत बसल्या होत्या. मी विचारलं, ‘‘आजी, इतक्या सकाळी बाहेर?’’ म्हणाल्या, ‘‘उन्हासाठी हो. समोरचं घर बैठं होतं तेव्हा सातलाच पाठीवर ऊन यायचं. आता नऊ वाजतात.’’ एवढं बोलून त्यांनी खुर्ची उचलली आणि अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जिथे उन्हाची एक तिरीप पडू लागली होती, तिथे नेऊन ठेवली.