एकच तिकीट

दादरच्या शिवाजी मंदिरच्या तिकीट खिडकीवर मी पहिल्यांदा एकटी उभी राहिले, तेव्हा "किती?" या साध्या प्रश्नाने माझी जीभ अडखळली. "एक," मी म्हणाले. आतल्या माणसाने पैसे घेतले, तिकीट दिले. त्याला त्यात काही विशेष वाटले नाही. विशेष वाटत होते ते मलाच.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. वय पस्तिशीचे. कुर्ल्याला अम्मी आणि भाईजानच्या कुटुंबासोबत राहते. लहानपण चिपळूणजवळच्या गावात गेले, त्यामुळे मराठी कानात बसलेली आणि नाटकाची ओढही तिथलीच. मैत्रिणी आपापल्या संसारात. सोबत मिळाली की जाऊ, असे म्हणता म्हणता कितीतरी वर्षे गेली. शेवटी एका रविवारी दुपारी एकटीच निघाले. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले आणि शेजारी ओळखीचे कुणी नाही, याचा विसर पडला. मध्यंतरात बटाटावडा खाल्ला. नाटक संपल्यावर गाडी पकडून घरी आले. एवढेच घडले.

पण निघताना अम्मीला सांगितले होते, "शाळेचे ट्रेनिंग आहे."

पुढे दोन-तीन आठवड्यांनी स्टाफरूममध्ये एका बाईंनी विचारले, "नाटकाला गेला होतात म्हणे? कुणाबरोबर?" "एकटीच," मी म्हटले. त्यांचा विश्वास बसला नाही. आमचे एक सर सुट्टीच्या दिवशी एकटेच सिनेमाला जातात आणि सोमवारी त्याची कथा रंगवून सांगतात. त्यांना 'कुणाबरोबर?' असे कुणी विचारत नाही. पुरुषाचे एकटेपण हा त्याचा शौक असतो. बाईच्या एकटेपणात मात्र न दिसणारा दुसरा माणूस शोधला जातो.

बी.एड.ला शिक्षणाचे तत्त्वज्ञान शिकताना प्लेटो भेटला होता. त्याच्या 'रिपब्लिक' या ग्रंथात गायजेस नावाच्या मेंढपाळाची कथा येते. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत फिरवला की तो कुणालाच दिसेनासा होतो. तेवढ्या बळावर तो राजाला मारतो आणि गादी बळकावतो. प्रश्न असा की, कुणीच पाहत नसेल तर माणूस नेकीने वागेल काय?

मोठे शहर ही अशीच अंगठी आहे. कुर्ल्याच्या गल्लीत मी अमक्याची बहीण, तमक्या शाळेची टीचर. दादरला उतरले की गर्दीतले एक डोके. आपल्या वडीलधाऱ्यांना भीती वाटते ती याच अंगठीची. ओळख पुसली की लाजही पुसली जाईल, असे त्यांना वाटते.

माझा हिशेब मात्र उलटा निघाला. जिथे मला कुणी ओळखत नव्हते, तिथे मी काहीच वावगे केले नाही. खोटे बोलले ते घरात, सगळे मला ओळखतात तिथे. अंगठीने मला बिघडवले नाही. पहाऱ्याने खोटे बोलायला शिकवले. वर्गातही मी हेच पाहते. मॉनिटर नावे लिहितो म्हणून गप्प बसलेली मुले शिस्त शिकलेली नसतात. ती फक्त मॉनिटरची नजर चुकवायला शिकतात.

माझी एक कॉलेजची मैत्रीण कंपनीत नोकरी करते. काम संपल्यावर कधी कधी एकटीच बारमध्ये जाऊन बसते. तिने विचारले, "नाटकाला एकटी जातेस, मग माझ्यासारखी बारमध्ये का नाही?" मी म्हटले, "दारू मला हराम आहे. दहा जणींबरोबर गेले तरी हरामच. आणि नाटक एकटीने पाहिले म्हणून हराम होत नाही." या दोन गोष्टी आपण एकाच पिशवीत कोंबतो, तिथे घोटाळा होतो. धर्माने काय मना केले आणि मोहल्ल्याला काय खटकते, या याद्या वेगवेगळ्या आहेत. रमजानमध्ये एतिकाफला बसणारा माणूस जगापासून बाजूला होऊन एकांतच मागतो. म्हणजे एकांताशी आपले वैर नाही. मैत्रिणीला मात्र मी बदचलन म्हणणार नाही. तिचा हिशेब तिच्यापाशी. महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागतो, म्हणून पाट्यांवर 'परमिट रूम' लिहितात. बाईला तर साधे एकटे बसायलाही परवाना लागतो, आणि तो देणारे कचेरीत नाही, नाक्यावर बसलेले असतात.

कुणी म्हणेल, काळजीपोटी विचारतात. काळजी खरी आहे. रात्रीच्या गाडीत बायकांचा डबा रिकामा असला की माझ्याही पोटात गोळा येतो. पण काळजी विचारते, "कधी परतशील?" बदनामीची भीती विचारते, "कुणी पाहिले तर?" पहिल्या प्रश्नाला खरे उत्तर देता येते. दुसरा प्रश्न खोटे उत्तर मागून घेतो.

स्टाफरूमच्या त्या दिवशी संध्याकाळी मी अम्मीला खरे सांगितले. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "नाटकाला गेलीस त्याचे नाही. माझ्याशी खोटे बोललीस त्याचे वाईट वाटले." भाईजान दोन दिवस बोलला नाही. अजूनही त्याला पटलेले नाही, आणि पटेल असे मी मानत नाही.

पुढच्या वेळी निघताना मी नाटकाचे नाव सांगितले, थिएटर सांगितले, परतायची वेळ सांगितली. अम्मी दारापर्यंत आली. "एकटीच?" तिने विचारले. "एकटीच," मी म्हणाले. या वेळी जीभ अडखळली नाही.