अज्ञान खातेदार

बँकेत ‘अज्ञान’ ही शिवी नाही, तो खात्याचा एक प्रकार आहे. खातेदार अठरा वर्षांच्या आतला असला की त्याच्या वतीने पालक सही करतो आणि काढलेली रक्कम पाल्याच्या हितासाठीच आहे, असे लिहून देतो. पाल्य त्या वेळी काउंटरखाली बोट चोखत उभा असतो. पण पुढे एक दिवस तो सज्ञान होतो आणि हिशेब मागू शकतो. या एका धास्तीपायीच पालक बरे वागतात, असं मला इतकी वर्षं खर्डेघाशी करून वाटू लागलं आहे.

आमच्या घरात सध्या जो अज्ञान खातेदार आहे, तो कधीच सज्ञान व्हायचा नाही. नाव मोत्या, वय तेरा, आणि त्याची मूत्रपिंडं थकली आहेत.

पोंभुर्ण्यात कुत्र्याला हा विकार व्हावा, ही खरं तर मिरवण्याची गोष्ट. हा रोग बहुधा म्हातारपणी येतो, आणि आमच्या जंगलाकाठच्या गावांत पुष्कळ कुत्र्यांचं खातं बिबट्या त्याआधीच बंद करतो. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, क्रिएटिनिन वाढलंय, युरिया वाढलाय. ही बातमी मी पीककर्जाला आलेल्या एका ओळखीच्या धानवाल्याला दिली. तो म्हणाला, “कुत्र्याच्या रक्तात युरिया वाढून राह्यला म्हन्ता, अन् आमाले तं धानाले एक पोतं भेटून नाई राह्यलं जी!”

हे आकडे रक्तात दिसू लागतात तोवर मूत्रपिंडांचं सुमारे पाऊण काम थांबलेलं असतं म्हणे. म्हणजे पाऊण ठेवी बुडाल्यावर दारावर नोटीस लागायची. (हे आमच्या बँकेविषयी नाही, कृपया गैरसमज नसावा.) उरलेल्या पाव भांडवलावर धंदा रेटायचा तर वसुलीचा बोजा कमी करायला हवा. त्यातला मोठा बोजा फॉस्फरसचा. हा गृहस्थ राहतो कुठे? हाडांत, कलेजीत, दुधात, डाळीत, अंड्याच्या पिवळ्या बलकात. थोडक्यात, मोत्याला जिथे जिथे राहायला आवडलं असतं तिथे. उरतो पांढरा भात, अंड्याचा पांढरा भाग, तराजूवर तोललेले कोंबडीचे चार तुकडे, थोडा दुधी. मीठ नाही. कांदा-लसूण तर धडधाकट कुत्र्यालाही वर्ज्य. वर डॉक्टरांनी मोजून दिलेल्या पुड्या. पाणी मात्र मागेल तेवढं. भाताची तेवढी ददात नाही, मुलूखच धानाचा.

‘घरचंच आहे, काय होतंय!’ असं आपण म्हणतो. पण २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यांनी अशा आजारी कुत्र्या-मांजरांसाठीच्या ६७ घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा सगळी पोषकद्रव्यं पुरेशी असलेली एकही निघाली नाही. सौ.ने शांतपणे विचारलं, “त्यात माझी नव्हती ना?” डॉक्टरांच्या पुड्या आहेत त्या यासाठी.

‘माणसांना मिळत नाही आणि कुत्र्याला अंडी!’ असं शेजारी म्हणतात. हा प्रश्न मोठा आहे, पण मला तो फारसा छळत नाही. एक तर पिवळे बलक आमचे चिरंजीव खातात. दुसरं म्हणजे हा प्रश्न विचारणाऱ्याने वाचवलेलं अंडं कोणाला नेऊन दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मला छळतं ते वेगळंच. आमच्या एका काकांना हेच पथ्य आहे. ते डॉक्टरांना शिव्या देतात, लोणच्याची बरणी लपवतात, सापडले की भांडतात. त्यांना कारण ठाऊक आहे, म्हणून भांडता येतं. मोत्याला मी कारण सांगू कसा? त्याच्या लेखी एवढंच घडलंय की तेरा वर्षं हाड टाकणारा हात एकाएकी कंजूष झाला. तो ताटलीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो. तक्रार करत नाही. माझी काहीतरी विसरभूल झाली असावी आणि आत्ता आठवेल, अशा बेताने वाट बघतो.

बी.कॉम. माणूस अशा वेळी आकड्यांकडे धावतो. मिनेसोटा विद्यापीठात ३८ आजारी कुत्र्यांवर एक प्रयोग झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या खाण्यावरच्या कुत्र्यांचं आयुष्य मध्यमानाने १८८ दिवस भरलं, मूत्रपिंडांच्या खास खाण्यावरच्यांचं ५९४. वजाबाकी ४०६. ते खाणं कारखान्यातलं, आमचं चुलीवरचं, तेव्हा आम्हाला तेवढाच आकडा मिळेल असं नाही. पण समजा मिळाला, तर ते ४०६ दिवस जमा कोणाच्या खात्यावर? माझ्या बाजूला ४०६ संध्याकाळी दारात हलणारं शेपूट. त्याच्या बाजूला, दिवसाला दोन या दराने, फिक्या भाताच्या ८१२ ताटल्या. आता त्या प्रयोगात खास खाण्यावरच्या कुत्र्यांना ओकाऱ्या-ग्लानीचे जोराचे झटकेही पुष्कळ कमी आले, हे खरं. म्हणजे त्याच्या खात्यावरही जमा आहेच. पण जी ओकारी आलीच नाही ती त्याला कळणार कशी? गेलेलं हाड मात्र पक्कं कळतं.

या बाबतीत पुराणं-संतकथा मदतीला येत नाहीत. धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, पण त्याच्या पुढ्यातलं काही काढून घ्यायची पाळी त्याच्यावर आली नाही. नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. तूप एक वेळ डॉक्टरांनीही चालवून घेतलं असतं, त्यात फॉस्फरस जवळजवळ नसतोच. पण द्यायला धावणं वेगळं.

डॉक्टरांनी एक कलम मात्र ठेवलंय. त्याने जेवणच सोडलं तर जे खाईल ते द्या, उपाशी राहण्यापेक्षा ते बरं. हे कलम मोत्याला कळलं तर तो उद्यापासून उपोषणाला बसेल, म्हणून घरात ते हळू आवाजात बोलायचं ठरलं आहे.

रविवारी मटण शिजत असलं की मी त्याला तळ्यापर्यंत फिरवून आणतो. हल्ली तो सावकाश चालतो, तेवढ्यात शिजणं-निवणं उरकतं. रात्री दार लोटून आम्ही जेवतो, मी साबणाने दोनदा हात धुतो आणि ओसरीवर येतो. तो उठतो, माझी बोटं एकेक करून हुंगतो, आणि तिथेच पायाशी बसतो.