कागदामागची भिंत

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावीही आता बैठकीच्या एखाद्या भिंतीला वॉलपेपर लावायची हौस आली आहे, आणि ती मला मनापासून आवडते. साधारण 57 चौरस फुटांचा रोल, बादलीत कालवलेली खळ आणि एका दुपारचं काम. दोन खोल्यांत संसार करणाऱ्या बाईला निदान एक भिंत आपल्या मनासारखी असावीशी वाटली, तर त्यात उधळपट्टी कसली?

पण कागद चढवण्याआधी ती भिंत कुणी नीट बघतं का, याची मला काळजी वाटते.

आपल्या मराठवाड्यात नवरात्राआधी दसरा काढतात. गोधड्या धुवायला जातात, भांडीकुंडी अंगणात येतात आणि मातीच्या घरात बायका भिंती पोतारतात. पांढऱ्या मातीचं ओलं फडकं फिरवताना कुठं ओल धरलीय, कुठं उंदरानं पोखरलंय, कुठं आतून पोकळ लागतंय, हे हाताला आपोआप कळायचं. घर सजवणारा हातच घराची तब्येत बघत होता. वॉलपेपर एकदा लागला की पाच-सात वर्षं भिंतीला हात लागत नाही. तो विनाइलचा असला तर आतली ओल बाहेरही पडत नाही. कागदाआड बुरशी माजते आणि वास सुटेपर्यंत घरच्यांना पत्ता नसतो.

इथं तर ओलीवरच भागत नाही. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचं बांधकाम हलवते. त्यातच 2024 मध्ये 21 मार्चला आणि पुन्हा 10 जुलैला हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. जुलैतल्या धक्क्याचं केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ होतं. मार्चमध्ये शेजारच्या नांदेडच्या प्रशासनानं तर लोकांना पत्र्यांवर ठेवलेले दगड उतरवायला सांगितलं होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या भिंतींनीच माणसं गाडली. हे ज्यांच्या आठवणीत आहे त्यांनी तरी भेगेवर फुलाफुलांचा कागद डकवू नये.

वॉलपेपर लावणारा जाणता कारागीर कोपऱ्यावर विसंबत नाही. ओळंबा सोडतो, पेन्सिलीनं उभी रेघ मारतो आणि पहिली पट्टी त्या रेघेला लावतो. पट्टी तिरकी गेली तर पुढचं सगळं नक्षीकाम चुकतं. तोच दोरा भिंतीनं पोट काढलंय का, तेही सांगतो; फक्त त्या वेळी घरातल्या कुणीतरी जवळ उभं राहून बघायला हवं. गिलाव्यावरच्या केसासारख्या चिरा पुट्टीनं भरतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग मात्र निराळी. तिच्या टोकाशी खूण करून तारीख लिहावी आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. भेग खुणेपलीकडे गेली, तर वॉलपेपरसाठी बाजूला ठेवलेले पैसे आधी गवंड्याला द्यावेत. कागद पुढच्या दसऱ्याला आणता येईल.