पूर्वजांचा निवाडा

आपल्याआधी जे जगून गेले त्यांच्याविषयी जाणून घेण्याची ओढ माणसाला स्वाभाविक आहे. परंतु जाणण्याच्या अधिकारातून निवाडा देण्याचा अधिकार निघतो काय? इंग्लंडमधील जुन्या विवाहनोंदींत आपले कूळ शोधणाऱ्यांपुढे हा प्रश्न वारंवार उभा राहतो.

आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या कक्षेत, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवण्याचा आदेश दिला. आरंभीच्या विवाहनोंदींत बहुधा तारीख आणि दोन नावे एवढेच आढळते. लॉर्ड हार्डविक यांचा १७५३ चा कायदा पुढील वर्षी अमलात आला, तेव्हा वधूवर, साक्षीदार व पाद्री यांच्या सह्या आवश्यक झाल्या. ज्यांना लिहिता येत नसे ते फुली काढीत. एखाद्या शेतमजूर स्त्रीच्या हातची एवढी एकच खूण आज उरलेली असते.

या वह्या वाचताना घाई घातक ठरते. समजा, मे १७२० मध्ये विवाह आणि फेब्रुवारी १७२० मध्ये पहिल्या अपत्याचा बाप्तिस्मा, अशा नोंदी सापडल्या. आजचा वाचक पणजीच्या पणजीला तत्काळ दोषी ठरवील. वस्तुतः १७५२ च्या आधी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १७२० चा फेब्रुवारी मे महिन्यानंतर येतो. नऊ महिने नीट भरतात. चूक त्या स्त्रीची नव्हती, आपल्या दिनदर्शिकेची होती.

शिवाय वहीलाही स्वतःची दृष्टी असते. १८३७ पासून इंग्लंडच्या विवाहनोंदींत वधूवरांच्या पित्यांची नावे लिहिली जात. मातांच्या नावांना स्थान मिळाले ते मे २०२१ मध्ये. आपल्याकडील कुलवृत्तांतांतही पणजीचे माहेर पुष्कळदा सापडत नाही. जिला बोलू दिले नाही, तिच्या मौनावरून तिची पारख कशी करावी?

पण कधी तारखा खऱ्याच ठरतात. विवाहानंतर तिसऱ्याच महिन्यात बाप्तिस्मा झालेला असतो. तेव्हा काय म्हणावे? अशा विवाहाची सूचना सामान्यतः तीन रविवारी चर्चमध्ये वाचली जाई आणि कोणाची हरकत असल्यास ती सांगण्याचे आवाहन होई. ज्यांनी त्या दोघांना रोज पाहिले होते, ते शेजारी बाकांवर बसलेले असत. त्यांनी ऐकले, आणि विवाह झाला. त्या अपत्याच्याच वंशात आपण जन्मलो. तेव्हा नोंद अवश्य शोधावी, जशी आहे तशी पुढील पिढीच्या हाती द्यावी, काही लपवू नये. हरकत घेण्याची मुदत मात्र त्या विवाहाबरोबरच संपली होती.