हेड घासून अक्कल येत नाही

ग्राइंडर खाली ठेव. प्लगही काढ. आता इकडे बघ, आणि ‘सर, व्हिडिओत असंच केलं होतं’ हे वाक्य पुन्हा तोंडातून काढू नकोस.

आजोबांची टाटा १२१० पुन्हा उभी करतोयस, चांगलं आहे. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यावर ऊस ओतून ओतून जी गाडी झिजली, ती भंगारात जाण्यापेक्षा इथं आलेली बरी. तिचं ६९२ इंजिन काढून ६९७ बसवायचं ठरवलंस, तेही ठीक. पण ‘दोनशे घोडे काढायचेत’ म्हणून भंगारातून सिलिंडर हेड उचललंस, त्याच्या पोर्ट हातानं खरवडल्यास आणि वर बोरिंगवाल्याकडून फेस मारून आणलास! यातल्या एका तरी कामाआधी वर्निअर हातात घेतलास का? वहीत एक आकडा दाखव मला. नाही ना?

६९७ म्हणजे काय, हे विचारलं तर छताकडे बघतोस. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. नावातच लिहिलंय, शहाण्या. स्ट्रोक १२८. गुणाकार केलास तर ५,६७५ सीसी भरतात. हे येत नाही, पण अमेरिकेतल्या शेव्हरोले ३५० च्या हेडची इनटेक पोर्ट किती सीसीची, ते तोंडपाठ. आणि वर युक्तिवाद काय? ‘दोन्ही इंजिनं ५.७ लिटरचीच आहेत, सर.’

आहेत ना. मग हिशेब पुढे कर. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. तुझं ६९७ मिनिटाला २,८०० फेऱ्यांवर चाललं, तर कागदावर सुमारे ७,९०० लिटर हवा ओढेल. ते पेट्रोल व्ही-८ शर्यतीसाठी ६,००० फेऱ्यांवर नेलं, तर १७,००० लिटरच्या वर. डबा एकच, पण त्यातून जाणारी हवा दुपटीहून जास्त. त्याला रुंद पोर्ट लागते, कारण एवढ्या हवेला वाट हवी. तुझ्या गव्हर्नरनं आधीच गळा आवळलेला असताना रुंद पोर्टमधून जाणार काय? हवेचा वेग मरणार, एवढंच.

आणि तिकडचे जाणकारसुद्धा ओझं ओढणाऱ्या गाडीला सगळ्यात मोठं हेड लावत नाहीत. १९९६ साली शेव्हरोलेनं स्वतःच्या ट्रकांच्या ५.७ लिटर इंजिनाला जे व्होर्टेक हेड दिलं ते चकचकीत ॲल्युमिनियमचं नव्हतं, बिडाचं होतं. ज्वलनकक्ष ६४ सीसीचा, पोर्ट माफक. का? कारण ट्रकला ताकद खालच्या फेऱ्यांवर लागते. उसाची भरलेली गाडी चिखलाच्या शेतातून बाहेर काढताना तुझे आजोबा ६,००० फेऱ्यांवर नव्हते रे! बाराशे-चौदाशेवर क्लच सोडायचे आणि गाडी निघायची. तिकडची हेडं चांगली की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या फेऱ्यांवर, कुठल्या ओझ्याला, हे आधी लिही. हेड त्यानंतर निवडायचं.

आता पोर्टकडे ये. आत बोट घाल. वाकडी लागते ना? तू ती सरळ करायला निघाला होतास. डायरेक्ट इंजेक्शनच्या या पिढीत इनटेक पोर्टला मुद्दाम वळण दिलेलं असतं. आत शिरणाऱ्या हवेला गरगर फिरवायचं, म्हणजे नोझलचं डिझेल त्या भोवऱ्यात नीट मिसळतं. ते वळण तू ग्राइंडरनं उडवलंस. हवा जास्त जाईलही कदाचित, पण फिरणार नाही, आणि धूर मात्र प्रकाशा गावापर्यंत दिसेल.

फेस मारण्याचं तर विचारूच नकोस. ‘हेड घासलं की कॉम्प्रेशन वाढतं’ हे कुणी सांगितलं तुला? ज्या पेट्रोल इंजिनाचा ज्वलनकक्ष हेडमध्ये खोदलेला असतो, तिथं वाढतं. तिथं ७६ सीसीचा कक्ष ६४ वर आणला, तर ३५० चं कॉम्प्रेशन नवाच्या आसपासचं दहाच्या वर जातं. तुझं हेड उलटं करून बघ. सपाट आहे, पाटासारखं. ज्वलनकक्ष पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत आहे. सपाट पाट अर्धा मिलिमीटर घासलास तरी त्या वाटीत काय फरक पडला? काहीच नाही. फरक पडला तो भलतीकडेच. वाल पिस्टनच्या जवळ आले. नोझलचं टोक जास्त बाहेर आलं, म्हणजे फवारा वाटीत जिथं पडायचा तिथं पडणार नाही. एक दिवस पिस्टनला भोक पडेल, आणि तू पंपवाल्याला शिव्या देत बसशील. आता सीट खोल कापून वाल मूळ खोलीवर आणायचे आणि नोझलखाली योग्य जाडीचा वॉशर द्यायचा, हे काम तुझ्याच कर्मानं वाढलंय.

जुन्या टाटा-मर्सिडीजचं हेड मिळालं तर बसवू का, असंही मित्राला विचारत होतास. ऐकलंय मी. १९५४ साली टाटांनी डायम्लर-बेंझशी करार केला, तेव्हा आलेलं ओएम ३१२ इंजिन प्रीचेंबरचं होतं. त्यात जाळ हेडमधल्या छोट्या कोठडीत सुरू होतो, आणि कॉम्प्रेशनही जास्त लागतं. ओएम ३५२ पासून डायरेक्ट इंजेक्शन आलं. हेड, पिस्टन आणि नोझल ही एकाच घरची माणसं असतात. एकाला उचलून दुसऱ्या घरात नांदवता येत नाही.

आणि दोनशे घोडे! मर्सिडीजचं ओएम ३५२, तुझ्याच बोअर-स्ट्रोकचं, साध्या श्वासावर २,८०० फेऱ्यांना १२६ अश्वशक्ती देत होतं. दीडशेपलीकडे जायला त्यांनाही टर्बो लावावा लागला. हेड खरवडून फार तर चार-दोन घोडे हलतील. टर्बो लावशील तर गास्केट, एक्झॉस्ट वाल, हेडचे बोल्ट आणि पाण्याची वाट आधी बघ. शहाद्याचा मे महिना तुला माहीत आहे. तोरणमाळ तर हजार मीटरच्या वर आहे. तिथं साध्या इंजिनाला हवाच दहा टक्के कमी मिळते, आणि पंप तेवढंच डिझेल ओततो.

इंजिन बदलतोयस, ते आरटीओला कळवलंस का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच. २०२१ चा विंटेज गाड्यांचा नियम दुचाकी आणि मोटारींसाठी आहे. ट्रकवाल्यानं त्याच्या भरवशावर बसू नये.

उद्या सकाळी हे हेड घेऊन ये. सहा सिलिंडरवर एकच लांब हेड आहे. स्ट्रेट एज आणि फिलर गेज घेऊन लांबीत आणि तिरकं, दोन्ही बाजूंनी बघ. वालची खोली आणि नोझलचं टोक डायल गेजनं मोज, बाराही वालांचं वेगळं लिही. मग सगळी भोकं बंद करून हवा भर आणि गरम पाण्यात बुडव. दोन सीटमधल्या अरुंद पट्टीवर आणि तू खरवडलेल्या भिंतींवर नजर ठेव. तिथून बुडबुडा आला, तर ‘सर, वेल्डिंग करून घेऊ का’ हे विचारायला माझ्याकडे येऊ नकोस. जिथून आणलंस त्याच भंगारवाल्याला वजनावर देऊन ये.