सही नवऱ्याची, नियत कुणाची?

सप्टेंबर २०१५ मध्ये मलेशियात आशियाई महिला फुटसाल स्पर्धा भरली, तेव्हा इराणची नावाजलेली कर्णधार निलुफर अर्दलान तेहरानमध्येच अडकून पडली होती. तिला दुखापत झाली नव्हती, संघातून कुणी वगळलंही नव्हतं. पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी नवऱ्याची संमती लागते आणि ती त्याने दिली नाही. मुलाच्या शाळेचा पहिला दिवस आहे, आईने घरी असावं, एवढंच त्याचं म्हणणं. नवरा स्वतः क्रीडा पत्रकार. चाहते जिला ‘लेडी गोल’ म्हणत, तिच्याविना संघ गेला, अंतिम सामन्यात जपानला १-० ने हरवून चषक घेऊन आला.

बातमी जगभर गेली आणि निष्कर्षही ठरलेलाच निघाला: धर्माने बाईला अडवलं. हा निष्कर्ष जरा घाईचा आहे. तिला अडवणारं कलम पासपोर्ट कायद्यातलं अठरावं, आणि तो कायदा १९७३ चा. म्हणजे इस्लामी क्रांतीच्या सहा वर्षं आधीचा, आधुनिकतेचा डांगोरा पिटणाऱ्या शहाच्या राजवटीतला. मौलवींनी तो केला नाही. त्यांना तो आयता मिळाला आणि त्यांनी जपून ठेवला. मराठी वाचकानेही इथे फार नाक मुरडू नये. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की पासपोर्टच्या अर्जावर बायकोने नवऱ्याची सही आणावी ही मागणी गैर आहे. चेन्नईच्या पासपोर्ट कार्यालयाने एका विवाहितेकडे ती मागितली होती.

अर्दलानच्या कलमात एक पळवाट होती: निकड असेल तर सरकारी वकील परवानगी देऊ शकतो. दोनच महिन्यांनी ग्वाटेमालातल्या जागतिक स्पर्धेला ती याच वाटेने गेली. नवऱ्याच्या सहीच्या जागी सरकारची सही आली. तिची स्वतःची सही मात्र दोन्ही वेळा अपुरीच ठरली.

फुटसाल हा खेळ मुळात धर्माच्याच अंगणात वाढला, ही यातली गंमत. १९३० मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात, ‘वायएमसीए’ या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेतले शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी तो बसवला. साधारण चाळीस बाय वीस मीटरचं मैदान, दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू, कमी उसळणारा चेंडू, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. छपराखाली खेळता येणारा हा खेळ इराणी मुलींच्या पथ्यावर पडला. हॉलचं दार लावून घेतलं आणि पुरुष प्रेक्षकांना मज्जाव केला की घरच्यांचा विरोध अर्धा गळतो. २०१५ नंतर २०१८ मध्ये बँकॉकलाही इराणने आशियाई विजेतेपद मिळवलं. मे २०२५ मध्ये चीनमधल्या होहहोट शहरात फिलिपिन्समधल्या, ‘फिफा’च्या पहिल्या महिला फुटसाल विश्वचषकाची आशियाई पात्रता ठरली. जपान आणि थायलंडच्या मागे तिसरं येऊन इराणने फिलिपिन्सचं तिकीट काढलं. भारताच्या मुली त्याआधी जानेवारीत, इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात, पात्रता फेरीच्या निमित्ताने पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय फुटसाल खेळल्या.

तेव्हा सक्तीतूनही चांगलं निपजतं, असं कुणी म्हणेल. ते खोटं नाही. पण बंद दाराआड मुली उत्तम खेळल्या याचं श्रेय दाराला द्यायचं की मुलींना, हा प्रश्न उरतोच.

आता इराणमध्ये बायकांना सक्तीच्या असलेल्या डोक्यावरच्या कापडाकडे. इस्लामी परंपरेत कर्माचं मोल हेतूवर ठरतं. बुखारींच्या हदीससंग्रहाची, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहाची, सुरुवातच हेतूविषयीच्या हदीसने होते. संकल्प सोडल्याशिवाय जशी आपल्याकडे पूजेला सुरुवात होत नाही, तशी नियत केल्याशिवाय नमाज होत नाही. मग पोलीस बाहेर उभा आहे म्हणून घेतलेल्या हिजाबाचं काय? सत्तेच्या बाजूचे धर्मपंडित सांगतात, की पोशाख ही नमाजासारखी खासगी उपासना नाही, तो सार्वजनिक शिस्तीचा भाग आहे. ठीक आहे, शिस्त म्हणा. पण मग त्याच कापडाकडे बोट दाखवून देशाची धर्मनिष्ठा मिरवता येणार नाही. यात सर्वाधिक नुकसान होतं ते श्रद्धाळू बाईचं. जी मनापासून डोकं झाकते आणि जी दंडाच्या भीतीने झाकते, त्या दोघी एकसारख्याच दिसतात. सक्तीने पहिलीची भक्तीही आज्ञापालनाच्या खात्यात जमा केली.

सक्ती उलट्या बाजूनेही होते. १९३६ मध्ये रझा शहाने याच इराणमध्ये पडदा बंद केला, तेव्हा पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादरी ओढत होते; कित्येकींनी घराबाहेर पडणंच सोडलं. जून २०११ मध्ये अम्मानला इराणच्या महिला फुटबॉल संघाला जॉर्डनविरुद्धच्या ऑलिंपिक पात्रता सामन्यात उतरू दिलं नाही, कारण त्यांचं डोकं आणि मान झाकलेली होती. गळ्याभोवतीचं कापड ओढलं जाऊन इजा होईल, ही सबब. मुली मैदानावरच रडत बसल्या. पुढे सिंडी फान डेन ब्रेमेन या डच डिझायनरने ओढ बसताच सुटणारा, वेल्क्रोचा हिजाब नियम करणाऱ्यांपुढे ठेवला आणि इजेचा मुद्दा निकालात निघाला. २०१२ मध्ये प्रायोगिक आणि २०१४ मध्ये कायमची परवानगी मिळाली. तिच्यात शीख खेळाडूंची पगडीही आली. फ्रान्सच्या फुटबॉल महासंघाने मात्र आपल्या स्पर्धांत बंदी ठेवली आणि जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती उचलून धरली. तेहरानमध्ये हिजाबाशिवाय खेळता येत नाही, फ्रान्सच्या स्पर्धांत हिजाबासह.

बळजबरीने श्रद्धा उपजत नाही, हे जॉन लॉकने १६८९ च्या सहिष्णुतेवरच्या पत्रात मांडलं. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या जोनास प्रोस्ट या पाद्र्याने त्याला चांगलंच अडचणीत आणलं: थेट नसेल, पण धाकाने माणूस विचार करायला तरी बसतो, आणि त्यातून श्रद्धा येऊ शकते. प्रोस्टचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सवयीतून भक्ती जडल्याची उदाहरणं प्रत्येक धर्मात सापडतात. पण प्रोस्टच्या धाकाला यश आलं की नाही, हे तपासायचं कसं? धाक उठवल्याशिवाय ते कळत नाही; आणि जो धाक घालतो, तो ही परीक्षा कधी घेत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये, हिजाबावरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराण पेटलेला असताना, स्पोर्ट क्लाइंबिंगची इराणी खेळाडू एल्नाझ रेकाबी सोलच्या आशियाई स्पर्धेत डोकं न झाकता भिंत चढली. रस्त्यावर उतरलेल्यांना ते बंड वाटलं. हिजाब चुकून राहिला, असं तिने स्वतः सांगितलं. तेहरान विमानतळावर टोपी घालून, जयजयकार करणाऱ्या गर्दीत उतरल्यावरही तिने तेच सांगितलं. कुणी ते खरं मानलं, कुणी वदवून घेतलेलं. दोन्ही बाजूंकडे पुरावा सारखाच आहे, म्हणजे काहीच नाही. झाकणाऱ्या बाईची नियत जिथे बाहेरच्याला कळू शकत नाही, तिथे न झाकणाऱ्या बाईचीही कळत नाही, अगदी ती स्वतः कॅमेऱ्यापुढे उभी राहून सांगत असली तरी.